एजंट आता आपलीच भाषा बोलायला लागलेत (पुणे, फ्लॅट शोध)

मुळाक्षर (धागाकर्ती)

मंडळी, सध्या आमचा फ्लॅट शोध चालू आहे. एकीकडे बाणेर-बालेवाडी-वाकड आणि दुसरीकडे कोथरूड-कर्वेनगर, बजेट सगळं धरून एक कोटी (माहितीये, हसू नका). फ्लॅट सुचवा म्हणत नाहीये, त्यावर धागे ढिगाने आहेत. मला एजंट लोकांबद्दल बोलायचंय.

२०१२ ला ताईने वाकडला घर घेतलं तेव्हा मी तिच्याबरोबर फिरलेले. तेव्हाचे एजंट म्हणजे स्विमिंग पूल, क्लबहाउस, हिंजवडी दहा मिनिटं, पाच वर्षांत डबल, संपलं. खिडकी कुठल्या दिशेला विचारलं तर तोंडाकडे बघत राहायचे. आता जे भेटतायत ते वेगळंच बोलतात. मॅडम क्रॉस व्हेंटिलेशन बघा, मॅडम इथे सरांचं टेबल बसेल आणि तुमचा कॉल चालू असला तरी आवाज जाणार नाही, ड्राय बाल्कनी मोठी आहे म्हणजे मशीन आणि भांडी दोन्ही, खाली ईव्ही चार्जिंगची लाइन टाकलीय. एकाने तर लेकीची शाळा कुठली ते विचारून स्कूलबस कुठल्या गेटला थांबते ते पण सांगितलं. ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण त्यालाच विचारलं की दुपारी चारनंतर ह्या बेडरूममध्ये ऊन किती वेळ असतं आणि पाणी कुठलं येतं, तर "कन्फर्म करून सांगतो". ते कन्फर्म करणं अजून चालूच आहे.

तर प्रश्न असा की हे लोक खरंच बदललेत का, म्हणजे आपल्याला काय हवंय ते ऐकून तसं शोधतात का, की फक्त बोलणं बदललंय आणि दाखवतात तेच जे त्यांना खपवायचंय? अनुभव लिहा. कोणी एजंट असतील तर त्यांनी पण लिहा, भांडणार नाही.

पेठेतला पक्या

पाच वर्षांत डबल कुठेही गेलं नाहीये हो, आता त्याला मेट्रो म्हणतात. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे चालू झाली तेव्हापासून चांदणी चौकाचा डोंगर लागेपर्यंत सगळं काही "मेट्रोपासून वॉकिंग डिस्टन्स". चालणारा कोण आहे ते विचारायचं नाही.

वाकडची वाट

खरा बदल लॉकडाऊनमध्ये झाला. घरात दोन लॅपटॉप, एक ऑनलाइन शाळा आणि आजी-आजोबा, सगळ्यांना एकदम एक खोली जास्त पाहिजे झाली. त्यात सप्टेंबर २०२० पासून सरकारने स्टँप ड्यूटी डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि मग मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केली, म्हणजे जे वर्षभर नुसते बघत होते ते पण धावले. आता गंमत बघा, लोकांना खोली पाहिजे पण बिल्डिंगचे प्लॅन सँक्शन होऊन स्लॅब पडलेले, मग एजंट आणि सेल्सवाल्यांच्या हातात काय होतं? नाव बदलणं. माझ्या बिल्डिंगचं ब्रोशर माझ्याकडे दोन आवृत्त्यांत आहे. जुन्या कागदात किचनमागे जी खोली "स्टोअर" आहे तीच नव्या कागदात "स्टडी", भिंत एक इंच हललेली नाही. तिला खिडकी नाही. आमच्याकडे त्या स्टडीत गव्हाची कोठी, एक सायकल आणि आकाशकंदील राहतो.

पण हे पण खरं की नंतर आलेल्या प्रोजेक्टमध्ये फरक दिसतो. अडीच बीएचके आधी कोणी विचारायचं नाही, आता जोरात चालतात, बाल्कन्या मोठ्या झाल्या, टू बीएचकेचे टॉवर कमी आणि थ्रीचे जास्त. एजंटांनी खालून सांगितलं म्हणून झालं का बिल्डरला थ्रीमध्ये जास्त पैसे सुटतात म्हणून झालं ते देव जाणे.

हिशेबनीस

मुळाक्षर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका दुसऱ्या प्रश्नात आहे, ह्या माणसाला पैसे कोण देतं? नव्या प्रोजेक्टमध्ये तुम्हाला जो फिरवतो तो एजंट नाही, तो चॅनल पार्टनर, सीपी. त्याचे पैसे बिल्डर देतो, साधारण दोन-तीन टक्के, जिथे माल उठत नाही तिथे त्याहून वर, आणि महिन्यात ठरावीक बुकिंग झाली तर टक्केवारी वाढते. तुमच्याकडून एक रुपया घेत नाही म्हणून तो "फ्री सर्व्हिस". आता एका बाजूला पश्चिमेचं ऊन नसलेला, पाण्याचा चांगला पण दोन टक्केवाला प्रोजेक्ट आणि दुसऱ्या बाजूला चार टक्केवाला, तर शनिवारी सकाळी गाडी कुठे वळेल?

सेल्स ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा तुमच्या हातात टॅब देतात बघा, नाव, मोबाइल, कुठे काम करता, बजेट, आणि खाली "कुठून कळलं". ते चहा देण्यासाठी नसतं. ज्याच्या नावाने तुमचा नंबर तिथे आधी चढला तो तुमचा सीपी, ह्याला टॅगिंग म्हणतात. म्हणूनच फोनवर नुसती चौकशी केली तरी सीपी घाईघाईने तुमचं नाव चार प्रोजेक्टला पाठवून ठेवतो. मग तुम्ही स्वतः गेलात तरी तो म्हणणार पार्टी माझी. त्यावरून सेल्स ऑफिसात दोन सीपींची जुंपलेली मी पाहिलीय आणि ज्यांच्यावरून जुंपली ते नवरा-बायको बाजूला सोफ्यावर बिस्किटं खात बसलेले.

तेव्हा तुमची आवड ते नक्की ऐकतात, नोंद पण करतात, पण ती वापरतात कशासाठी? जे दाखवायचं ते आधीच ठरलेलं असतं, त्याला तुमच्या आवडीचे शब्द लावण्यासाठी.

मुळाक्षर

बापरे. म्हणजे मी आतापर्यंत किती ठिकाणी टॅग झाले असेन. मग डायरेक्ट गेलं तर तेवढे दोन-तीन टक्के आपल्याला सुटतात का?

हिशेबनीस

बहुतेक बिल्डर नाही म्हणतात, दर तोच सांगतात, कारण डायरेक्टवाल्याला स्वस्त दिलं तर उद्या एकही सीपी त्यांच्या दारात माणूस आणणार नाही. पण मागायचं. रोख सूट देणार नाहीत, पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर), किचन ट्रॉल्या, स्टँप ड्यूटीतला काही भाग अशा कशात तरी देतात. आणि एक कोटी "सगळं धरून" असेल तर एजंटला पहिल्या फोनवरच तसं सांगा, नाहीतर तो ॲग्रीमेंट व्हॅल्यू एक कोटीची दाखवेल. ९० लाखांचं ॲग्रीमेंट धरलं तर पुणे मनपा हद्दीत ७ टक्के ड्यूटी म्हणजे ६.३ लाख, बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के म्हणजे ४.५ लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार. झाला की एक कोटी एक लाख दहा हजार, अजून सोसायटीचे पैसे आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स ॲडव्हान्स वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही. घर फक्त तुमच्या, म्हणजे बाईच्या नावावर घेतलं तर ड्यूटी एक टक्का कमी.

पेठेतला पक्या

हिशेबनीस, शेवटच्या वाक्यावर अनेक घरांत आज रात्री चर्चा होणार.

किल्लीवाला

नमस्कार, मी एजंट आहे. कर्वेनगर-कोथरूड-वारजे, मुख्य काम रीसेल आणि भाडं. एरवी इथे पाककृती वाचायला येतो पण बायकोने हा धागा दाखवला.

हिशेबनीस म्हणतात ते नव्या प्रोजेक्टच्या बाबतीत बरंचसं खरं आहे, नाही म्हणणार नाही. पण सगळ्यांना एका दोरीत बांधू नका. आमच्या धंद्यात काय झालं ते सांगतो. पूर्वी आमच्याकडे माल होता तो म्हणजे माहिती. कुठला फ्लॅट विकायचाय, किती भावाने गेला, हे आमच्या डायरीत. ती डायरी आता संपली. फोटो पोर्टलवर, शेजारचा फ्लॅट किती किमतीला नोंदला ते लोक नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून माझ्यासमोर ठेवतात, महारेरा म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्टमधले किती विकले गेले ते बघतात. मला सांगायला काही उरतच नाही. मग पार्टी मला पैसे कशाचे देणार? मी पण हाच प्रश्न स्वतःला विचारला.

आता मी काय करतो, फ्लॅट दाखवायच्या आधी घरी किंवा फोनवर बसून विचारतो. किती बेडरूम ते नाही विचारत. स्वयंपाक कोण करतं, घरून काम किती दिवस, आईवडील कायमचे राहणार का येऊन जाऊन, त्यांचे गुडघे कसे आहेत, गाडी कुठली आहे, पुढची कुठली घ्यायचीय. गाडीचं का विचारतो, तर आमच्याकडे रिडेव्हलपमेंटच्या इमारती खूप झाल्यात आणि लहान प्लॉटवर पार्किंग म्हणजे पझल नाहीतर स्टॅक, लोखंडी पाळण्यात गाडी ठेवायची. त्याच्या वरच्या ट्रेला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. लोक फ्लॅट बघून खुश होतात, टोकन देतात आणि मग लक्षात येतं की नवीन घेतलेली एसयूव्ही त्या ट्रेमध्ये जातच नाही. म्हणून मी टेप घेऊन फिरतो. आधी पार्किंग मोजतो, मग लिफ्टने वर.

दुसरं, लोक सांगतात एक आणि घेतात दुसरंच. "वास्तू वगैरे आम्ही मानत नाही" म्हणणाऱ्या आयटीवाल्यांचे सौदे मी दक्षिणेच्या दारावरून मोडताना बघितलेत, कारण टोकनच्या आदल्या दिवशी सांगलीहून सासऱ्यांचा फोन येतो. आता मी पहिल्याच दिवशी म्हणतो, ज्यांच्याशिवाय निर्णय होणार नाही त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. तसंच "आम्हाला शांत पाहिजे" म्हणणारे शेवटी मेनरोडच्या जवळचं घेतात कारण रात्री उशिरा कॅबने परत यायचं असतं. म्हणजे तुमची यादी मी ऐकतो पण तुमचा दिवस कसा जातो ते जास्त ऐकतो. काही लोकांना हे आवडत नाही, एक बाई म्हणाल्या तुम्ही एजंट आहात का समुपदेशक.

परीक्षेचं पण लिहितो. महारेराने एजंटांना वीस तासांचं ट्रेनिंग आणि आयबीपीएसची (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) ऑनलाइन परीक्षा लावली, १ जानेवारी २०२४ पासून त्या सर्टिफिकेटशिवाय रेरा प्रोजेक्टचं काम करता येत नाही. ज्यांनी केलं नाही अशा हजारो लोकांची नोंदणी त्यांनी स्थगित केली. आमच्यातले पन्नाशी-साठीचे लोक कुरकुरत होते, नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षेला बसायचं म्हणून. मला विचाराल तर बरं झालं. पण एक लक्षात ठेवा, जुन्या सोसायटीतला नुसता रीसेल करणाऱ्याला रेराचं लायसन लागतच नाही, म्हणजे तिथे अजून मोकळं रान आहे.

काठावरचा

काका लिहिलंय छान, पटलं पण. पण रीसेलमध्ये तुम्ही विकणाऱ्याकडून पण घेता आणि घेणाऱ्याकडून पण. दोन-दोन टक्के सांगायचे आणि एक-एकवर तुटायचं, वर १८ टक्के जीएसटी. मग पश्चिमेचं ऊन तुम्ही मला सांगणार का? सांगितलं तर तुमच्या दुसऱ्या पार्टीचा भाव पडतो.

किल्लीवाला

सांगतो. धर्मात्मा आहे म्हणून नाही सांगत. मी ज्या चार गल्ल्यांत फिरतो तिथेच मला उद्या पण फिरायचंय, भाजी पण तिथेच घ्यायचीय. ज्याला गळकी भिंत लपवून विकली तो दर पावसाळ्यात मला रस्त्यात भेटणार. नव्या प्रोजेक्टचा सीपी आज वाकडला असतो उद्या किवळ्याला, त्याला ती भीती नाही. विकणाऱ्यालाही मी आधीच सांगतो की ओल आहे तर दुरुस्त करून घ्या नाहीतर भावात धरा, कारण आताची गिऱ्हाइकं भिंतीला हात लावून बघतात. तरी तुमचा मुद्दा चुकीचा नाही, दोन्हीकडचे पैसे घेतले की कुठेतरी जीभ अडखळते.

एडिसनकर

इकडचं लिहितो, विषयाला धरून आहे. अमेरिकेत अगदी हाच वाद कोर्टात गेला. इथे घेणाऱ्याचा वेगळा एजंट असतो पण त्याचे पैसे वर्षानुवर्षं विकणाऱ्याच्या खिशातून जायचे, दोन्ही मिळून पाच-सहा टक्के, आणि घेणाऱ्याला वाटायचं आपल्याला फुकट. एजंटांची जी राष्ट्रीय संघटना आहे तिने मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता घेणाऱ्याच्या एजंटने घर दाखवायच्या आधी लेखी करार करायचा, त्यात त्याचे पैसे किती आणि कसे ते स्पष्ट लिहायचं, आणि लिस्टिंगच्या सिस्टिममध्ये समोरच्या एजंटला किती कमिशन देऊ ते टाकायचं नाही.

परिणाम? पहिल्या भेटीतच पैशाचं बोलणं होतं, जे आधी कोणीच करायचं नाही. आमच्या एजंटने पहिल्यांदाच विचारलं की तुम्हाला माझ्याकडून नक्की काय पाहिजे, घरं दाखवणं का भाव करणं का इन्स्पेक्शनला बरोबर येणं. त्यावरून आम्ही रेट ठरवला. अर्थात बरेच विकणारे अजूनही दोन्हीकडचं देतात, बाजार मंद असला की देतातच.

पुण्यात असा फक्त घेणाऱ्याचा एजंट मिळतो का? मला आईबाबांसाठी लिफ्टवाली जागा बघायचीय, इथून व्हिडिओवर किती बघणार.

किल्लीवाला

एडिसनकर, करतात काही जण, विशेष करून परदेशातल्या लोकांसाठी, ठरावीक फी घेऊन. पण आपल्याकडे सही करायला कोणी तयार होत नाही. लोक एकाच वेळी पाच एजंटांना कामाला लावतात, पाचही जण त्याच सोसायटीच्या त्याच फ्लॅटला फोन करतात, मालकाला वाटतं मागणी फार आहे आणि तो पाच लाख वाढवतो. हे मी नेहमी बघतो. गिऱ्हाईक म्हणतं एजंट भाव चढवतात. अहो तुम्हीच चढवला.

आणि व्हिडिओवर बघताना एजंटला कॅमेरा खिडकीबाहेर काढायला सांगा, खाली वाकवून. समोरच्या इमारतीचं अंतर रीलमध्ये कधीच दिसत नाही. फ्लॅट विकणारा स्वतः परदेशात असेल तर टीडीएसचं गणित वेगळं होतं, ५० लाखांच्या वरच्या घराला आपण जो नेहमीचा एक टक्का कापतो तो तिथे चालत नाही, सीएला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

सेक्रेटरी नाइलाजाने

पाण्याचं मी लिहितो. बालेवाडी बाजूची मोठी सोसायटी, माझ्या गळ्यात सेक्रेटरीपद पडलंय. आधी एजंट ऑफिसात यायचे ते फक्त एनओसी आणि थकबाकीचा दाखला घ्यायला. आता चांगले दोन-तीन एजंट आहेत ते आधी येतात आणि विचारतात, महिन्याला टँकरचं बिल किती, बोअर कधी आटतं, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) चालू आहे का नुसता दाखवायला. का, तर म्हणे पार्टी विचारते आणि आम्हाला सांगता आलं नाही तर पार्टी जाते. मी त्यांना उन्हाळ्यातला एक आणि पावसाळ्यातला एक असा महिन्याचा जमाखर्च दाखवतो. दोन्हींतला फरक बघितला की काही बोलावं लागत नाही.

बाकीचे एजंट म्हणतात "कॉर्पोरेशनचं पाणी आहे". ते खोटं नसतं, कनेक्शन असतं. त्यातून किती वेळ आणि किती येतं ते कोणी विचारत नाही. नव्या इमारतींना परवानगी देताना मनपा बिल्डरकडून लिहून घेते की पुरेसं पाणी येईपर्यंत तुम्ही पुरवा, आणि सोसायटी ताब्यात आली की ते ओझं मुकाट्याने आपल्यावर येतं. मुळाक्षर, तुमच्या एजंटला सोसायटीचा मे महिन्याचा मेंटेनन्स हिशेब मागा. आणून दिला तर माणूस कामाचा.

अनामिक वाचक

आम्हाला तर एजंटने पहिला प्रश्न विचारला नॉनव्हेज खाता का. हो म्हटल्यावर अर्धी यादी गळाली. हे पण लिहा ना कोणीतरी, प्रेफरन्स फक्त घेणाऱ्याचेच नसतात. आणि माझ्या मैत्रिणीला, एकटी राहते, भाड्याचा नाही विकत घ्यायचा फ्लॅट, तर तिला विचारलं वडील येणार का बोलायला. ती म्हणाली चेक माझा आहे.

काठावरचा

चेक माझा आहे!! टाळ्या.
व्हेज सोसायट्यांवर बोलायला लागलो तर हा धागा शंभरी गाठेल.

व्यवस्थापक

शाकाहार-मांसाहारासाठी वेगळा धागा काढावा. इथले त्यापुढचे प्रतिसाद उडवले आहेत.

पेठेतला पक्या

माझा उडाला. चांगला होता.

रेघोट्या

मी इंटिरिअरचं काम करते म्हणून सँपल फ्लॅटबद्दल लिहिते, कारण एजंटांनी सगळ्यात जास्त शिकलेली जागा ती आहे. सँपल फ्लॅटला आतल्या खोल्यांना दारंच नसतात, बघितलंय का? दार नाही म्हणजे ते उघडायला लागणारी जागा पण दिसत नाही. बेड पाच फुटांचा असतो आणि त्यावर मोठ्या उशा टाकतात म्हणजे सहाचा वाटतो. वॉर्डरोबची खोली दीड फूट, त्यात हँगर आडवा मावणार नाही. पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता लोक वर्क फ्रॉम होमचं विचारतात म्हणून मास्टर बेडरूमच्या कोपऱ्यात एक टेबल ठेवतात, दीड फूट रुंद, त्यावर लॅपटॉप आणि एक कॅक्टस. खुर्ची मागे सरकवून बघा, बेडला लागते.

आणि तो नवा शब्द, "यूजेबल कार्पेट". रेराने २०१७ पासून कार्पेटवर विकायचं ठरवलं, त्यात आतल्या भिंती धरतात पण बाल्कनी, टेरेस आणि बाहेरच्या भिंती नाहीत. झालं, सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटा पण धरून सांगायचे ते) गेलं आणि त्याच्या जागी बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं मिळवून यूजेबल आलं. लोकांना मोठी बाल्कनी आवडायला लागली हे खरं, पण तिचा दर बेडरूमच्या दराने लावायचा हे कोणाला आवडलं? एजंट फोनवर ८१० चौरस फूट सांगतो, महारेराच्या साइटवर ७२० असतं. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, २०२३ च्या ऑगस्टपासून सक्तीचा आहे, तो तिथेच स्कॅन करायचा आणि एजंटसमोरच आकडा वाचायचा. पुढचं संभाषण फार सभ्य होतं.

काकू कोथरूडच्या

मी विकणारी बाजू सांगते. आमची तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ठरवलं की विकायचा आणि ह्याच भागात लिफ्टवाला घ्यायचा. मंडई, देऊळ, डॉक्टर, कट्ट्यावरच्या मैत्रिणी सगळं इथे, बाणेरला जाऊन मी काय करू?

चार एजंट आले. तिघांनी फ्लॅट धड बघितला पण नाही, विचारलं सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार का, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, प्लॉट किती. म्हणजे त्यांच्या लेखी आमचं घर नाहीच, पुढे मिळणारं जास्तीचं कार्पेट आहे. गिऱ्हाइकं पण तशीच आली, एकानेही नळ सोडून बघितला नाही. मी एकाला म्हटलं अहो स्वयंपाकघर तरी बघा, सकाळचं ऊन येतं. तर म्हणाला काकू, पाडायचंच आहे ना.

चौथा मुलगा होता तो म्हणाला, काकू विकू नका एवढ्यात. सोसायटीचं बोलणं खरोखर चालू असेल तर तीन-चार वर्षं भाड्याने लिफ्टच्या इमारतीत राहा, बिल्डर भाडं देतो तेव्हा देईल, तोवर हा फ्लॅट भाड्याने लावू. त्यात त्याला विक्रीचं कमिशन गेलं, एका भाड्याचं मिळालं. त्याच्या ऑफिसात आता आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या बायका जाऊन आल्या. सगळ्यांना तोच सांगतो, तळमजला नाहीतर लिफ्ट, संडासला धरायला दांडा, आणि अँब्युलन्स आत येते का ते बघा. स्ट्रेचर मावणारी लिफ्ट आहे का हे मला आधी सुचलं नव्हतं.

मुळाक्षर

काकू, त्या मुलाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? एडिसनकरांना पण.

किल्लीवाला काका, कर्वेनगरला एक रिडेव्हलपमेंटमधला बघितलाय, साधा टू बीएचके, पण आवडलाय. स्टॅक पार्किंग आहे आणि सेल्सवाला म्हणतोय पार्किंग नंबर पझेशनच्या वेळी लॉटरीने देऊ. आमची गाडी उंच आहे. काय करू?

किल्लीवाला

लॉटरीवर सही करू नका. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने आदेश काढलाय, पार्किंग विकत देत असतील तर ते कुठे आहे, लांबी-रुंदी-उंची किती, नंबर काय हे अलॉटमेंट लेटर आणि ॲग्रीमेंटला जोडायलाच लागतं. त्याला तो कागद मागा. तुमच्या गाडीची उंची कंपनीच्या साइटवर मिलिमीटरमध्ये मिळेल, वर कॅरिअर असेल तर ती धरा. खालची ट्रे लिहून द्या म्हणावं, नाही म्हणाला तर भाव पाडायला तेवढं पुरतं. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत दहा टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायद्याने त्याला मागताच येत नाही.

पेठेतला पक्या

काका, अडीच टक्के घ्या पण माझ्या मेव्हण्याला पण जरा समजवा, त्याने प्री-लाँचला पैसे भरलेत, रेरा नंबर यायचाय म्हणे.

किल्लीवाला

नंबर नसताना बुकिंग घेताच येत नाही. पावती कशाची दिलीय ते बघा, ईओआय (नुसती इच्छा कळवल्याचा कागद) लिहिलंय का, परत मिळेल असं लिहिलंय का. फोटो काढून मला व्यनि करा, आज रात्री बघतो, उद्या दोन व्हिजिट आहेत.